मुलांनी की मुलांना? : साठ मिनिटांच्या एका वाक्याची समीक्षा



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने मुलांच्या व्यायामावर काय बोलायचं? तो विषय डॉक्टरांचा, फार तर क्रीडाशिक्षकांचा. शंका रास्त आहे. मुलांचं हृदय, हाडं, स्नायू यांच्याबद्दल आम्ही काही शिकवणार नाही. ते ज्यांचं क्षेत्र आहे त्यांनी ते चांगलं सांगून ठेवलेलं आहे. आम्ही वर्गात वर्षानुवर्षं एकच काम केलं. वाक्य घ्यायचं, ते उलटसुलट करून बघायचं आणि त्यात न बोलता काय गृहीत धरलंय ते शोधायचं. आजही तेच करू. एकच वाक्य घेऊ आणि त्याची समीक्षा करू.

वाक्य असं आहे : ‘मुलांनी रोज किमान ६० मिनिटे शारीरिक हालचाल करावी.’

हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. दवाखान्याच्या भिंतीवर, पालकसभेत, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत. याचं मूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत आहे. २०१० साली संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज किमान ६० मिनिटं मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल सांगितली. २०२० साली त्यात थोडा बदल झाला. आता आठवड्याभरात रोजची सरासरी ६० मिनिटं पडावी असं म्हटलं आहे. त्यातली बरीचशी दम लागेल अशी असावी, आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारी असावी, आणि करमणुकीसाठी पडद्यासमोर बसणं कमी करावं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळ्या शिफारशी २०१९ साली आल्या. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी दिवसभरात मिळून १८० मिनिटं, आणि त्यातली ६० जोरकस.

यातलं काहीही आम्हाला खोटं वाटत नाही. २०१९च्या अखेरीस ‘लॅन्सेट’च्या बालआरोग्याच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १४६ देश, ११ ते १७ वयाचे सुमारे १६ लाख शाळकरी विद्यार्थी. निष्कर्ष असा, की २०१६ साली जगातली ८१ टक्के किशोरवयीन मुलं या मापाला उतरत नव्हती. पाचातली चार. तेव्हा काळजी खरी आहे. वाक्यातली माहितीही खरी आहे. आमची हरकत वाक्याच्या घडणीला आहे. वाक्य खरं असूनही त्याची घडण आपल्याला चुकीच्या माणसाकडे बघायला लावू शकते. या वाक्याने तेच केलंय, असं आमचं म्हणणं आहे.

तीन प्रश्न विचारू. हे वाक्य मोजतं काय? ‘हालचाल’ म्हणजे नेमकं काय? आणि ‘करावी’ म्हणजे कोणी?

पहिला प्रश्न. मोजणी कुठून आली ते आधी बघा. शारीरिक हालचाल आणि आरोग्य यांचा संबंध आकड्यांनी दाखवणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर झाला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९५३ साली प्रसिद्ध केला. एकाच गाडीवर दोन माणसं, ड्रायव्हर आणि कंडक्टर. पगारात, राहणीत फार फरक नाही. पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिन्याने वरखाली. ड्रायव्हर लोकांत हृदयविकार जास्त निघाला. मुंबईतल्या दुमजली बसमधून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांच्या डोळ्यांसमोर तो कंडक्टर लगेच उभा राहील.

फार मोलाचं काम होतं ते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. इथे जी हालचाल मोजली गेली ती खेळ नव्हती, व्यायामही नव्हती. ती मजुरी होती. कंडक्टर हौसेने जिना चढत नव्हता. नंतर या शास्त्राने एकक ठरवलं. माणूस स्वस्थ बसला असताना जेवढी ऊर्जा खर्च होते त्याच्या किती पट, असा तो हिशोब. स्वस्थ बसण्याच्या तिप्पट किंवा अधिक म्हणजे मध्यम, सहापट किंवा अधिक म्हणजे तीव्र. या हिशोबाला ऊर्जा कळते. ती ऊर्जा कशासाठी खर्च झाली, कोणाच्या मर्जीने झाली, हे त्याला कळत नाही. हा त्या मापाचा दोष नव्हे. वजनकाट्याने भाव सांगावा अशी अपेक्षा कोणी करत नाही. अडचण येते ती आपण काट्याकडे बघून भाव ठरवायला लागतो तेव्हा.

तसं कसं होतं ते त्याच ‘लॅन्सेट’च्या अभ्यासात दिसतं. मुलींपुरतं पाहिलं तर हालचाल अपुरी असणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत कमी कुठे होतं? बांगलादेशात आणि भारतात. आपल्याला बरं वाटावं अशी बातमी. पण लेखकांनीच त्याचं एक संभाव्य कारण सुचवलं आहे. या देशांत मुलींच्या वाट्याला घरकाम जास्त येतं. केर काढणं, पाणी भरणं, धाकट्याला कडेवर घेऊन फिरणं. २०२०च्या शिफारशींतही घरकाम हा हालचालीचा एक प्रकार म्हणून धरलेला आहे.

आता एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. वय बारा. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून हंडा उचलते, दोन-तीन खेपा करते, मग भांडी घासते. तिचा दम लागतो, नाडी वाढते, पाय बळकट होतात. तक्त्यात ती उत्तीर्ण आहे. ज्या वेळात तिचा भाऊ मैदानावर आहे त्याच वेळात ती विहिरीवर आहे. तक्ता दोघांना एकाच रकान्यात टाकतो. ६० आणि ६०. घरकाम वाईट असं आम्ही म्हणत नाही, मुलगे-मुली दोघांनीही ते करावं. पण या मुलीला ‘पुरेशी हालचाल मिळाली’ असं म्हणताना आपण तिच्याकडून काय काढून घेतलं तेच त्या आकड्याआड झाकलं जातं.

म्हणजे आपण दुसऱ्या प्रश्नावर आलोच. ‘हालचाल’ म्हणजे काय?

या शब्दाचीच गंमत बघा. मराठीत आपण ‘हालचाल’ बहुतेक कोणाबद्दल बोलतो? आजारी माणसाबद्दल. ऑपरेशन झालंय, आता थोडी हालचाल करायला सांगितलीय. किंवा पोलिसांबद्दल आणि सैन्याबद्दल. संशयास्पद हालचाल, सीमेवरच्या हालचाली. मुलांबद्दल आपल्याकडे निराळे शब्द आहेत. हुंदडणं, बागडणं, धुडगूस घालणं, उंडारणं, उड्या मारणं, धावाधाव, पळापळ. यातल्या निम्म्या शब्दांत मोठ्यांची थोडी कुरकुरही मिसळलेली आहे. ती खरी वाटते, कारण ते शब्द मुलांकडे बघून झाले आहेत. ‘शारीरिक हालचाल’ हा शब्द कार्यालयात झाला आहे.

पण शब्दांवर थांबू नका. तीन गोष्टी वेगळ्या करू : श्रम, व्यायाम आणि खेळ. तिन्हींत शरीर हलतं. श्रमात हालचालीचं प्रयोजन बाहेर असतं. हंडा भरायचा असतो. व्यायामात प्रयोजन आपल्याच शरीरात असतं. दंड भरावेत, दम वाढावा. खेळात प्रयोजन खेळातच असतं. लगोरी का रचायची? पाडलेली म्हणून. का पाडायची? रचता यावी म्हणून. बाहेरच्या माणसाला हे वेडगळ वाटेल. आतल्याला त्याहून महत्त्वाचं काही नसतं.

योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ हा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने खेळाचं पहिलं लक्षण सांगितलं ते स्वेच्छा. हुकमावरून केलेला खेळ हा खेळ उरत नाही, फार तर त्याची नक्कल होते. आपल्याकडे हाच विचार फार वरच्या पातळीवर झालेला आहे. ईश्वराला काही मिळवायचं राहिलेलं नाही, मग त्याने सृष्टी का निर्माण केली, असा प्रश्न ब्रह्मसूत्रात येतो. उत्तर आहे : लीला. शंकराचार्य भाष्यात दोन दाखले देतात. एक, सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला राजा किंवा अमात्य काही प्रयोजन न ठेवता क्रीडा करतो त्याचा. दुसरा, श्वासोच्छ्वासाचा. श्वास आपण काही साधण्यासाठी ठरवून घेत नाही, तो स्वभावाने चालतो. आम्हाला हा दुसरा दाखला मुलांच्या संदर्भात फार मोलाचा वाटतो. निरोगी लहान मूल धावतं ते तब्येतीसाठी नव्हे. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते धावतच जातं, कारण चालत जाणं त्याला सुचत नाही.

मग आपण काय करतो? सकाळी त्याला सांगतो, पळू नकोस, पडशील. शाळेत सांगतो, हाताची घडी, तोंडावर बोट. दुपारी सांगतो, शेजारी झोपलेत. संध्याकाळी, खाली गाड्या आहेत, क्लासची वेळ झाली. आणि रात्री काळजी करतो, की याची हालचाल होत नाही. एका परिचितांच्या घरी आम्ही पाहिलं. दहा वर्षांचा मुलगा रात्री नऊ वाजता जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत होता. मनगटावरच्या घड्याळात पावलं कमी पडत होती. आई-वडील दोघे प्रेमळ, सुशिक्षित. त्यांना ते मूल आज्ञाधारक वाटत होतं आणि होतंही. पण ते खेळत नव्हतं. दिवसाची थकबाकी भरत होतं.

इथे कोणी म्हणेल, आम्ही मुलाला फेऱ्या मारायला लावत नाही, चांगल्या प्रशिक्षकाकडे पाठवतो. टर्फ आहे, अकॅडमी आहे, पोहण्याचा क्लास आहे. फार छान. मूल आवडीने जात असेल तर त्याच्यासारखं काही नाही. पण या बाबतीत एका जुन्या माणसाने दिलेला इशारा ऐकून ठेवा. अॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात मुलांच्या शरीरशिक्षणाचा विचार केला आहे. स्पार्टाचे लोक मुलांना कष्टांच्या कवायतीत घालून रानटी करून टाकतात, अशी त्याची टीका आहे. पुढे तो दाखला देतो, की ऑलिंपिकच्या विजेत्यांच्या यादीत मुलगे म्हणून जिंकलेले आणि मोठेपणीही जिंकलेले असे जेमतेम दोन-तीन सापडतील. लहानपणच्या सक्तीच्या सरावात त्यांची शक्ती संपून गेलेली असते. तेवीसशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण. आठव्या वर्षी पहाटे पाचला उठवून नेल्या जाणाऱ्या मुलाची साठ मिनिटं केव्हाच भरलेली असतात. पण ती त्याची असतात का, हा प्रश्न तरीही विचारावा लागतो.

आता तिसरा प्रश्न. आमच्या मते हाच मुख्य आहे. ‘करावी’ म्हणजे कोणी?

शाळेतलं व्याकरण आठवा. ‘मुलांनी हालचाल करावी.’ ‘मुलांनी’ ही तृतीया, म्हणजे इथे कर्ता. ‘करावी’ हा विध्यर्थ, म्हणजे कर्तव्य सांगणारं रूप. वाक्याने कर्तव्य कोणावर टाकलं? मुलांवर. नाही झालं तर चुकलं कोण? मूल. आळशी झालंय, मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतं, आमच्या वेळी असं नव्हतं. हे सगळे शेरे त्या तृतीयेतून निघतात.

कांटचा एक विचार तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात. एखाद्याने अमुक करायला हवं असं म्हणायचं, तर ते करणं त्याला शक्य असलं पाहिजे. ज्याच्या हाती गोष्टच नाही त्याच्यावर तिचं कर्तव्य टाकता येत नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती काय असतं? घर कुठे घ्यायचं हे तो ठरवत नाही. इमारतीखालच्या जागेत पार्किंग करायचं की मोकळं ठेवायचं हे तो ठरवत नाही. शाळेची वेळ, गृहपाठ, क्लास, रस्ता ओलांडता येईल की नाही, मैदानाच्या फाटकाला कुलूप असेल की नाही, यातलं काहीच नाही. ज्याच्या हाती यातलं काही नाही त्याला आपण ‘करावी’ म्हणतो.

म्हणून आमची सुधारणा एका प्रत्ययाची आहे. ‘मुलांनी’ काढा, ‘मुलांना’ घाला. ‘मुलांना रोज किमान ६० मिनिटे हुंदडायला मिळावीत.’ आता बघा काय होतं. मूल कर्ता राहिलं नाही, ते घेणारं झालं. आणि ‘मिळावीत’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, द्यायची कोणी? पहिल्या वाक्यात हा प्रश्न उठतच नव्हता.

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या कागदात हे दुसरं वाक्यही आहे. सर्व मुलांना सुरक्षित आणि समान संधी, प्रोत्साहन, आनंद वाटेल अशा आणि वयाला, क्षमतेला साजेशा हालचालींची सोय दिली पाहिजे, अशा अर्थाचं विधान तिथे शिफारशींच्या जोडीने केलेलं आहे. पण आपल्यापर्यंत पोचताना वाटेत ते गळून पडलं. आकडा तेवढा पोचला. आकडा फलकावर मावतो आणि तो मुलाला सांगितला की मोठ्यांना वेगळं काही करावं लागत नाही.

कायद्याची भाषा मात्र ‘मुलांना’चीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचं ३१वं कलम विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलाचा हक्क मानतं. भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. आपल्या २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं आणि खेळाचं साहित्य हवं असं लिहिलेलं आहे. हक्क मुलाचा म्हणजे ऋण मोठ्यांचं.

आता आम्ही आमच्याच बाजूवर एक आक्षेप घेतो, कारण तो घ्यायलाच हवा. ‘हुंदडायला मिळावं’ असं म्हटलं की आपल्या पिढीचा गळा लगेच दाटून येतो. विटीदांडू, सूरपारंब्या, डबा ऐसपैस, आट्यापाट्या. दिवेलागणीपर्यंत घरी येत नव्हतो, कोणी शिकवलं नाही, कोणी मोजलं नाही. मग मुलांना नुसतं मोकळं सोडा, सगळं आपोआप होईल!

मंडळी, त्या मैदानावर कोण होतं ते जरा आठवून बघा. मुलगे होते. त्यांतही ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. वस्तीवस्तीची मैदानं वेगळी होती आणि कोणाला खेळात घ्यायचं नाही हे मुलं घरून शिकून येत होती. पायाने अधू असलेला मुलगा कट्ट्यावर बसून गुण मोजत होता. आणि मुली? ठिक्कर, लंगडी, सागरगोटे घराच्या आसपास, न्हाण येईपर्यंत. त्यानंतर धावणं बंद. आपल्या परंपरेने स्त्रियांना फुगडी दिली, झिम्मा दिला, पिंगा दिला, नागपंचमीचा झोका दिला. मंगळागौरीचे खेळ रात्रभर चालतात आणि त्यांत दम लागतो, हे खेळणाऱ्यांना विचारा. पण ते दिवस ठरलेले, श्रावणातले, भोंडल्याचे. तिथेही माप होतंच. ते मिनिटांत नव्हतं, सणांत होतं.

आपल्या अनेक तालमींच्या, व्यायामशाळांच्या भिंतीवर कालिदासाचं एक वचन असतं, शरीर हे धर्माचं पहिलं साधन आहे या अर्थाचं. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात ते कोण कोणाला म्हणतं? ब्रह्मचाऱ्याच्या वेशात आलेले शंकर, तप करणाऱ्या पार्वतीला. म्हणजे एका तरुण मुलीला सांगितलेलं वाक्य आपण वर्षानुवर्षं फक्त मुलांच्या तालमीत लावून ठेवलं.

तेव्हा नुसतं मोकळं सोडणं पुरत नाही. जे बळकट त्यांनाच मोकळीक मिळते. इथे वेळापत्रकाचा, नियमाचा, अगदी त्या साठ मिनिटांच्या आकड्याचाही उपयोग आहे. शाळेच्या तक्त्यात खेळाचा तास छापलेला असला तर जी मुलगी एरवी मैदानावर आलीच नसती ती येते. २०२०च्या शिफारशींत अपंगत्व असलेल्या मुलांसाठी प्रथमच स्वतंत्र मार्गदर्शन आलं, त्यामुळे त्यांना वगळणाऱ्या शाळेला जाब विचारता येतो. आकडा मुलाच्या मनगटावर ओझं होतो. तोच आकडा पालकांच्या हातात असला तर शाळेकडे मागणी करता येते : आमच्या मुलांचे साठ कुठे आहेत? खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची जी सर्रास रीत आहे, तिला एवढ्या एका प्रश्नाने आळा बसू शकतो.

मग मोठ्यांनी द्यायचं काय? हा प्रश्न प्लेटोला पडला होता. ‘लॉज’ या संवादाच्या सातव्या भागात तो म्हणतो, की तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र आली की खेळ स्वतःच शोधून काढतात. खेळ शिकवायची गरज नाही. मग तो व्यवस्था सांगतो. गावातल्या सगळ्या मुलांनी देवळाच्या आवारात जमावं आणि दायांनी त्यांच्यावर लक्ष ठेवावं. पुढे मुलींनाही तेच शरीरशिक्षण द्यावं असं तो म्हणतो. यात चार गोष्टी आहेत : जागा, वेळ, सोबती आणि राखण. खेळ मुलांचा, या चार गोष्टी मोठ्यांच्या. या विभागणीत आम्हाला तरी काही कमी दिसत नाही.

आपल्याकडे हे करून दाखवणारी माणसं झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला वारली मुलांसाठी काम उभं केलं. ती मुलं काही बैठी नव्हती. दिवसभर गुरांमागे रानात असायची. हालचाल भरपूर होती, नव्हता तो स्वतःचा वेळ. मूल शाळेत येत नाही म्हणून त्याला दोष न देता त्यांनी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून येऊ शकत नाही, तर पाळणाघर शाळेच्याच आवारात आणलं. मुलाला जे अडवतंय ते आधी दूर करायचं, ही त्यांची रीत. हीच आमच्या मते ‘मुलांना’ची रीत.

मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण हवं असेल तर नेदरलँड्सचं घ्या. आज तिथली मुलं सायकलने शाळेत जातात हे कौतुकाने सांगितलं जातं. पण १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत चारशेहून अधिक मुलं मरण पावली होती. त्यावर मुलांना सावधपणाचे धडे देऊन लोक थांबले नाहीत. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली आणि मागणी केली गेली ती रस्ते बांधणाऱ्यांकडे. १९७६ साली वस्तीतल्या अशा गल्ल्यांना कायद्याचं रूप मिळालं, जिथे गाडीने माणसाच्या चालीने जायचं आणि मुलांनी रस्त्यातच खेळायचं.

आणि अगदी आपल्याकडचं. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कारण दिलं मुलांच्या झोपेचं. त्याच्या अंमलबजावणीवर मतभेद झाले, बसच्या फेऱ्यांपासून पालकांच्या नोकरीपर्यंत अडचणी सांगितल्या गेल्या. आम्हाला त्या आदेशाची घडण आवडली. ‘मुलांनी लवकर झोपावे’ असं त्याने म्हटलं नाही. शाळांना सांगितलं, तुम्ही उशिरा भरवा.

शेवटी थोडं आपल्याबद्दल. ही व्याख्यानं ऐकणाऱ्यांत साठी-सत्तरीचे बरेच जण आहेत असं आयोजक सांगतात. सोसायट्यांच्या समित्यांवर बहुधा याच वयाची मंडळी असतात. ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ हा फलक लावण्याचा ठराव तिथेच होतो आणि काढण्याचाही तिथेच होऊ शकतो. संध्याकाळी पाच ते सात गाड्या एका बाजूला लावता येतात का? काच फुटली तर भरपाई सामायिक निधीतून करता येते का? जवळच्या शाळेचं मैदान सुटीनंतर दोन तास उघडं राहावं म्हणून मुख्याध्यापकांना भेटता येतं का? आणि प्लेटोच्या त्या दाया? कट्ट्यावर तसेही आपण बसतोच. नजर मुलांकडे ठेवायची, तोंड मिटलेलं ठेवायचं. मुलींना आणि मागे राहणाऱ्यांना खेळात घेतलं जातंय ना, एवढंच पाहायचं. आई-वडील दोघे कामावर असलेल्या घरांना याचा केवढा आधार होईल याचा विचार करा. एवढं झालं तर पावलं कोणी मोजायची गरज पडणार नाही आणि मोजली तर ती भरलेली निघतील.

पुढच्या वेळी ते वाक्य कोणी ऐकवलं तर एकच विचारा. ‘मुलांनी’ म्हणताय की ‘मुलांना’? आणि उत्तर ‘मुलांना’ असेल तर लगेच दुसरं विचारा, की आपल्या इमारतीत ती साठ मिनिटं द्यायची कोणी आणि कधीपासून.

आता आपले प्रश्न घेऊ.